शाळा सुटल्यानंतरचा तास

शाळेचा इतिहास लिहायला बसले की हाताशी येणारी कागदपत्रे ठरलेली असतात. दाखल-खारीज रजिस्टर, हजेरीपट, निकालपत्रके आणि तपासणीला आलेल्या साहेबांनी लिहिलेले शेरेबुक. आपली शाळा कधी सुरू झाली, कोणत्या वर्षी किती मुले होती, कोणते मुख्याध्यापक कधी बदलून गेले, हे सगळे त्यांत सापडते. या स्मरणिकेत इतरांनी ते चांगले लिहिले आहे. पण या कागदांतली शाळा अकराला भरते आणि पाचला सुटते. पाचनंतर काय होत असे, याची नोंद कुठेच नाही.

आपल्या वर्गमित्रांच्या गटावर मी विचारले, "शाळेतले काय आठवते?" सर्वांत जास्त उत्तरे आली ती 'जादा तासा'बद्दल. पाचची घंटा झाल्यावर चौथीची आणि सातवीची काही मुले थांबायची, गुरुजी फळा पुसून पुन्हा खडू हातात घ्यायचे आणि अंधार पडेपर्यंत शिकवायचे. तो तास वेळापत्रकात नव्हता. त्याचा पगार नव्हता आणि त्याची फीही नव्हती. या तासाचा इतिहास कोणीतरी लिहून ठेवायला हवा, म्हणून हा लेख. तो लिहिताना दोन प्रश्न सतत समोर ठेवले: या तासाला शिकवायला कोण थांबत होते आणि बसायला कोणाला मिळत होते?

दिवेलागणीची परवचा

शाळेनंतरचे शिक्षण ही काही आपल्या पिढीची गोष्ट नाही. पंतोजींच्या गावठी शाळांच्या काळापासून मराठी घरांत दिवेलागणीला 'शुभंकरोति' झाले की परवचा म्हटली जाई. एकापासून तीसपर्यंतचे पाढे तर त्यात असतच, शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढेही असत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आज तो कोणाला येत असेल, तर त्या व्यक्तीचा संमेलनात सत्कारच करावा लागेल! पण त्या काळी तो शोभेचा नव्हता. रुपयाचे सोळा आणे होते, मणाचे चाळीस शेर होते आणि बाजारात कापूस विकताना किंवा दुकानातून किराणा आणताना पाव, अर्धा, पाऊण याच भाषेत हिशेब चाले. ज्याला औटकी येत होती, त्याला दुकानदार फसवू शकत नव्हता.

१ एप्रिल १९५७ पासून देशात दशमान नाणी आली आणि पाठोपाठ वजनमापेही किलो-मीटरमध्ये गेली. पावकी-दिडकीची व्यवहारातली गरज संपली आणि परवचाही हळूहळू मागे पडली. आपल्या आजोबांना ती येत होती, वडिलांना अर्धवट आणि आपल्याला नाही. त्यामागचे मोठे कारण हेच आहे.

परवचेला शिकवणारे घरातलेच वडीलधारे माणूस असे. म्हणजे ज्या घरात अक्षर-आकडा येणारे कोणी होते, त्याच घरात हा वर्ग भरत होता. आपला भाग वऱ्हाडातला. १८५३ मध्ये तो निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. वाशिम तेव्हा 'बासीम' नावाने स्वतंत्र जिल्हा होते. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडून वाशिम आणि मंगरूळ हे तालुके अकोल्याला जोडले गेले. शाळा होत्या त्या प्रामुख्याने मोठ्या गावांत. वाडीवरच्या, तांड्यावरच्या आणि गावकुसाबाहेरच्या घरांत संध्याकाळी दिवा लागत होता, पण परवचा होत नव्हती. शाळेनंतरच्या तासाची पहिली भिंत ही अशी होती.

आखाडा, प्रार्थना आणि गोष्ट

विसाव्या शतकात हा तास घराबाहेर पडला. अमरावतीत १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केले. या मंडळाच्या खेळाडूंनी १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. वऱ्हाडातल्या गावोगावच्या आखाड्यांना त्याचा मोठा अभिमान होता. संध्याकाळी लाल मातीत उतरणारी मुले शाळेतली असोत की शेतातली, वस्तादाला त्याने फरक पडत नसे.

पुढे संध्याकाळचे मैदान वेगवेगळ्या विचारांच्या लोकांनीही मुलांसाठी वापरले. नागपुरात १९२५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या सायंशाखा आणि १९४१ मध्ये नव्याने उभे राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखा, या दोघांचे रस्ते निराळे होते. पण शाळा सुटल्यावर मूल मोकळे असते आणि त्याच वेळी त्याच्यावर संस्कार करता येतात, हे दोघांनीही ओळखले होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापन केला. गुरुदेव सेवा मंडळाची सायंकाळची सामुदायिक प्रार्थना आपल्याकडच्या कितीतरी खेड्यांत होत असे. मुले पुढच्या रांगेत बसत. खंजिरीच्या ठेक्यावर भजन शिकता शिकता वाचायला शिकलेली माणसे आजही आपल्या भागात भेटतील. साने गुरुजी १९५० मध्ये गेल्यानंतर प्रकाशभाई मोहाडीकरांनी त्यांच्या नावाने कथामाला चालवली. मुलांना एकत्र बसवून गोष्ट सांगायची, एवढाच तिचा साधा कार्यक्रम होता.

आणखी एका जागेचा उल्लेख केला नाही, तर हा इतिहास अपुरा राहील. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिल्यानंतर विदर्भातल्या वस्त्यावस्त्यांत बुद्धविहार उभे राहिले. सायंकाळी वंदना झाली की त्याच विहारात मुलांचा अभ्यास घेतला जाई. शिकवणारा बहुधा वस्तीतलाच कॉलेजात जाणारा एखादा मुलगा असे. ज्या घरांना परवचेच्या काळात हा तास मिळालाच नव्हता, त्यांनी तो असा स्वतः उभा केला. आपल्या वर्गातल्या काही जणांचा पाया शाळेपेक्षा विहारात जास्त पक्का झाला, असे त्यांनीच मला कळवले आहे.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला तेव्हा याच प्रश्नाचे निराळे उत्तर शोधले जात होते. विवाहानंतर काही वर्षे अमरावतीत राहिलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीने आदिवासी मुलांसाठी काम उभे केले. मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे दिसल्यावर त्यांनी शाळाच कुरणात नेली. 'कुरणशाळा' हे नाव त्यातूनच आले. मुलाच्या सोयीने शाळेची वेळ आणि जागा बदलायची, हा त्यातला विचार होता. पुढच्या सगळ्या गोष्टी वाचताना तो लक्षात ठेवण्यासारखा आहे.

शिष्यवृत्तीचा जादा तास

आता आपल्या तासाकडे येऊ. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. खेड्यातल्या प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे आल्या. १९६७ मध्ये बालभारती स्थापन झाली आणि राज्यभर एकसारखी पाठ्यपुस्तके आली. याच चौकटीत चौथी आणि सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षा रुळल्या. मराठी, गणित आणि बुद्धिमत्ता चाचणी असे तिचे विषय होते. पुण्यातल्या मुलाला आणि रिसोडच्या मुलाला एकच प्रश्नपत्रिका होती. शिष्यवृत्तीची रक्कम किरकोळ होती, पण यादीत नाव येणे हा गावाचा सण असे.

पाठ्यपुस्तक शिकवून ही परीक्षा देता येत नव्हती. त्यासाठी वेगळी तयारी लागे आणि ती तयारी म्हणजेच जादा तास. आपल्या वेळी दिवाळीनंतर तो रोजचा होई. अंकमालिका, गटात न बसणारे पद, सांकेतिक भाषा, दिशा, आरशातली प्रतिमा, दिनदर्शिका असे सगळे प्रकार फळ्यावर येत. घोकंपट्टी तिथे चालत नसे. पाठ्यपुस्तकात उत्तर धड्यात सापडे. इथे ते आकड्यांच्या मधल्या जागेत शोधावे लागे. ३, ७, १५, ३१ यानंतर काय, असे विचारून गुरुजी खुर्चीवर बसत आणि आम्ही पाटीवर खरडत असू. उत्तर आले की ते एवढेच म्हणत, "कसं काढलं ते सांग." उत्तरापेक्षा रीत महत्त्वाची, हे मला पहिल्यांदा तिथे कळले. आज माझे पोट संगणकाचे प्रोग्राम लिहिण्यावर चालते. त्या कामाचे पहिले प्रशिक्षण मला इंजिनिअरिंग कॉलेजात मिळाले, असे मी म्हणू शकत नाही.

शिकवायला कोण थांबत होते, याचे उत्तर सोपे आहे: गावात राहणारे गुरुजी आणि बाई. तेव्हा बहुतेक शिक्षक शाळेच्या गावातच खोली घेऊन राहत. पाचला शाळा सुटली तरी त्यांना कुठली एसटी गाठायची नसे. दिवे गेले तर घरचा कंदील शाळेत येई. पेपर जवळ आले की रविवारही त्यातच जाई. मार्गदर्शक पुस्तक वर्गात एखादेच असायचे. त्यातले प्रश्न गुरुजी आदल्या रात्री आपल्या वहीत उतरवून आणत. निवृत्त झालेल्या एका गुरुजींना मी विचारले, "कोणी सांगत होतं का हो तुम्हाला थांबायला?" ते म्हणाले, "सांगत कोणी नव्हतं. बैठकीत निकाल मात्र विचारायचे." मग थोडे थांबून त्यांनी पुढे सांगितले, "आणि लेकरं थांबायची, मग आम्ही कसे जाणार?"

१९८५-८६ मध्ये या तासाला आणखी एक कारण मिळाले. देशातली पहिली दोन नवोदय विद्यालये त्या वर्षी सुरू झाली. एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरे आपल्या शेजारच्या अमरावतीला. पाचवीत परीक्षा द्यायची आणि निवड झाली की सहावीपासून राहणे, जेवण, शिक्षण सगळे मोफत. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी राखीव. शेतमजुराच्या मुलासाठी ही फार मोठी दारे होती. पुढे वाशिमलाही नवोदय विद्यालय आले. शिष्यवृत्तीसाठी केलेली बुद्धिमत्तेची तयारी नवोदयला जशीच्या तशी कामी येत होती. त्यामुळे जादा तासाला बसलेल्या मुलाला एका मेहनतीत दोन संधी मिळत होत्या.

कोण बसले नाही

इथवरचा इतिहास अभिमानाचा आहे. पण गटावर आलेल्या उत्तरांत एक उत्तर असे होते: "आम्हाले कोनी बसवलंच नाही. पाच वाजले की आम्ही घरी." त्यावर कोणी हसण्याचे चिन्ह टाकले, कोणी विषय बदलला. मला तो बदलावासा वाटत नाही.

चाळीस-पंचेचाळीस मुलांच्या वर्गातून जादा तासाला दहा-बारा जण बसत. ते कसे ठरत? आधी एक छोटी चाचणी होई आणि वरचे निवडले जात. परीक्षेला बसलेल्यांपैकी किती उत्तीर्ण झाले यावर शाळेचा निकाल ठरे, म्हणून ज्याची खात्री नाही त्याचा अर्ज भरला जात नसे. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. एक शिक्षक, एक कंदील आणि एक पुस्तक असेल, तर कोणीही असाच हिशेब करील. पण त्या हिशेबाचा परिणाम असा झाला, की ज्यांना थोडे येत होते त्यांना आणखी मिळाले आणि ज्यांना अजिबात येत नव्हते त्यांना पाचला सुट्टी मिळाली.

चाचणीशिवाय आणखीही चाळण्या होत्या. डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. सहाला तास सुटला, तर दोन-तीन किलोमीटर चालत जाणाऱ्या मुलाला अंधारातून जावे लागे. मुलगा असेल तर घरचे तयार होत, मुलगी असेल तर नाही. शिवाय संध्याकाळचे पाणी, चूल, धाकटे भावंडही तिच्याकडेच. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणीचे दिवस असत. जादा तास जोरात सुरू होई तेव्हाच शेतात हातांची गरज असे. ज्यांची घरे ऊसतोडीला किंवा कामाच्या शोधात बाहेर जात, त्यांची नावे हजेरीपटावर असत, पण मुले तीनशे किलोमीटर दूर असत. तांड्यावरच्या मुलांची घरची भाषा गोरबोली. पुस्तकातली मराठी त्यांच्यासाठी आधीच परकी होती. भाषेच्या पेपरात ती मागे पडत आणि निवडीच्या चाचणीतच गळत. त्यांना आकडे येत नव्हते असे अजिबात नाही. आठवडी बाजारात त्यांच्या आया जो हिशेब करत, तो आपल्या वर्गात कोणाला जमला नसता.

हा प्रश्न फक्त खेड्याचा नव्हता. पुण्यात १९६२ मध्ये आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी सुरू केली. तीही आरंभी शाळेनंतरचा उपक्रमच होती. वेगवेगळ्या शाळांतली बुद्धिमान मुले निवडून त्यांना शाळेबाहेर पूरक शिक्षण द्यायचे, ही तिची कल्पना. शाळा नंतर निघाली. उलट १९५६ मध्ये दिल्लीत सुरू झालेले बालभवन आणि पुढे पुण्यात शोभा भागवत यांनी वाढवलेले गरवारे बालभवन यांचा विचार असा होता, की शाळेनंतरच्या वेळात परीक्षा नकोच, कोणतेही मूल यावे, खेळावे, चित्रे काढावीत. निवडक मुलांसाठी की सगळ्यांसाठी, हा वाद तिथेही होता. फरक इतकाच, की मोठ्या शहरात दोन्ही दारे होती. आपल्या गावात तास एकच होता आणि त्याचे दारही एकच.

तास कसा आटला

१ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा झाला. जिल्हा परिषद जवळ आली, रस्ते सुधारले, मोटारसायकली आल्या. शिक्षक तालुक्याच्या गावी राहू लागले आणि 'अपडाऊन' हा शब्द आपल्या बोलीत कायमचा बसला. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्याही मुलांना शाळा हवी होती. शिवाय रिक्त जागा, निवडणूक, जनगणना, सर्वेक्षणे आणि पुढे ऑनलाइन माहिती भरणे, या कामांचा बोजा वाढत गेला. पण पाचनंतर गावात शिक्षकच नसेल, तर जादा तास कोण घेणार?

दुसरा धक्का परीक्षेनेच दिला. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवी प्राथमिक आणि सहावी ते आठवी उच्च प्राथमिक अशी रचना आहे. तिला धरून २०१६-१७ पासून शिष्यवृत्ती परीक्षा चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीला घेतली जाऊ लागली. कागदावर हे तर्काला धरून होते. पण वाडी-तांड्यावरच्या जिल्हा परिषदेच्या बहुसंख्य शाळा चौथीपर्यंतच आहेत. पाचवीला मूल दुसऱ्या शाळेत जाणार, मग चौथीच्या शिक्षकाने तयारी कोणासाठी करायची? आणि नव्या शाळेतल्या शिक्षकाला ते मूल जेमतेम ओळखीचे होईपर्यंत परीक्षा येई. तयारी आणि परीक्षा यांच्यामध्ये शाळा बदलण्याची भिंत आली. २०२३ मध्ये शिष्यवृत्तीची रक्कम वाढवून पाचवीसाठी वर्षाला ५,००० रुपये आणि आठवीसाठी ७,५०० रुपये केली गेली. तरी खेड्यातल्या शाळांचा जुना उत्साह काही परतला नाही. अखेर २०२५ मध्ये शासनाने ही परीक्षा पुन्हा चौथी आणि सातवीला आणण्याचा निर्णय घेतला. आपली पिढी ज्या वर्गात ती परीक्षा द्यायची, तिथेच ती परत येते आहे.

मधल्या काळात रिकामी जागा शिकवणीने भरली. आज तालुक्याच्या गावात तिसरी-चौथीच्या मुलांचेही शिकवणीवर्ग आहेत आणि नवोदयच्या तयारीचे वर्ग वेगळे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शाळेतल्या शिक्षकाला खाजगी शिकवणी घेता येत नाही, पण इतर कोणीही घेऊ शकते. जिथे शाळेनंतरचा तास विकत घ्यावा लागतो, तिथे चाचणीची चाळण गेली तरी पैशाची येते. दक्षिण कोरियाने १९८० मध्ये खाजगी शिकवण्यांवर सरसकट बंदी घातली होती. ती बंदी २००० मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने रद्द केली. बंदी असतानाही शिकवण्या चोरून चालत होत्या. शेवटी तिथल्या सरकारने शाळेच्याच इमारतीत, कमी खर्चात, शाळेनंतरचे वर्ग सुरू केले. म्हणजे फिरून ते आपल्या गुरुजींच्या कंदिलापाशीच आले.

येतो कोण, हाच प्रश्न

२०१८ मध्ये नीती आयोगाने देशातले जे मागास जिल्हे 'आकांक्षित' म्हणून निवडले, त्यांत महाराष्ट्रातले चार होते: नंदुरबार, उस्मानाबाद, गडचिरोली आणि आपले वाशिम. शिक्षण हा त्या मोजमापाचा एक मोठा भाग आहे. हे वाचून वाईट वाटले, तरी त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. आपल्या जिल्ह्याचा प्रश्न यादीत नाव येणाऱ्या दहा-बारा मुलांचा नाही. ती कुठूनही वर येतात. प्रश्न उरलेल्या तीस-पस्तीस मुलांचा आहे.

या मुलांना शाळेनंतरच्या तासाचा उपयोग होतो का? होतो, आणि ते मोजून पाहिलेले आहे. 'प्रथम' ही संस्था १९९० च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांतून सुरू झाली. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात तिने गावातल्याच तरुण स्वयंसेवकांना थोडे प्रशिक्षण देऊन शाळेबाहेर वाचनवर्ग चालवले. नंतर नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो त्या अभ्यासात होते. निष्कर्ष दोन निघाले. ज्या मुलांना अक्षरही ओळखत नव्हते, त्यांच्यापैकी जी वर्गाला आली ती स्पष्टपणे पुढे गेली, आणि तेही बी.एड. नसलेल्या तरुणांच्या शिकवण्याने. दुसरा निष्कर्ष मात्र डोळ्यांत अंजन घालणारा होता: ज्यांना गरज होती, त्यांच्यातली फार थोडीच मुले वर्गाला आली. वर्ग उघडला म्हणजे मूल येतेच असे नाही. अंधार, पाणी, गुरे, कापूस, घरची भाषा आणि 'हे आपल्यासाठी नाही' ही खोल बसलेली समजूत, हे सगळे त्या दारात उभे असते.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाच्या कर्तव्यांत एक वाक्य आहे. त्याचा आशय असा, की प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे त्याला जादा शिकवावे. आपल्या गुरुजींनी जे न सांगता केले, ते आता कायद्याने सांगितले आहे. फक्त कायदा 'प्रत्येक मुलाला' म्हणतो. आपल्या जादा तासात तेवढे एक कमी होते.

संमेलनाच्या निमित्ताने शाळेला काय द्यायचे, याची चर्चा गटावर चालू आहे. प्रवेशद्वार, फरशी, डिजिटल बोर्ड अशा सूचना आल्या आहेत. त्यांना माझा विरोध नाही. पण शाळेच्या या न लिहिलेल्या इतिहासातून मला एक हिशेब दिसतो, तो मांडते. गावात आज बी.ए., बी.एस्सी. झालेल्या, घरी बसलेल्या मुली आहेत. त्यांच्यापैकी दोघींना दरमहा योग्य मानधन देऊन शाळेतच रोज एक तास चालवता येईल. शाळेच्या आवारात चांगला दिवा लागेल. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते आहे. त्याचे जुने अंक आता संगणकावर मोफत वाचता येतात, ते छापून देता येतील. हिवाळ्यात तास पाचनंतर न घेता सकाळी शाळेआधी घ्यावा, म्हणजे मुलींना अंधारातून जावे लागणार नाही. तांड्यावरच्या मुलांसाठी तो तांड्यावरच, गोरबोली येणाऱ्या शिकवणाऱ्याकडून व्हावा. कोसबाडला शाळा कुरणात गेली, तर आपली तांड्यावर जायला हरकत नसावी. परीक्षा चौथीला परत येते आहे, तेव्हा शिष्यवृत्तीची तयारी त्यात जरूर असावी, पण मुलांची यादी करताना हजेरीपटाच्या तळापासून सुरुवात करावी. ज्याला वाचता येत नाही, त्याचे नाव पहिले.

आणि या तासाचा एक वेगळा हजेरीपट ठेवावा. कोणी शिकवले, कोण आले, कोण आले नाही आणि का आले नाही, हे रोज लिहावे. आपल्या गुरुजींच्या वर्षानुवर्षांच्या जादा तासांचा एकही कागद शाळेत नाही. पुढच्या संमेलनात कोणी शाळेचा इतिहास लिहायला बसेल, तेव्हा त्याला तो शेरेबुकाशेजारी सापडावा.